वाळा : बांधावरची टिपणं

एप्रिल लागला की काष्ठौषधींच्या दुकानाबाहेर तपकिरी मुळांच्या जुड्या दिसू लागतात. एक आणायची, दोन पाण्यांतून धुवायची आणि माठात सोडायची. तीन-चार दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवली की पुन्हा वापरता येते. वाळ्याशी आपली ओळख एवढीच. ही मुळं कशाची, असं विचारलं तर दुकानदारही इकडेतिकडे बघतो. ती गवताची आहेत. ज्वारी आणि ऊस ज्या गोतावळ्यातले, त्याच गोतावळ्यातलं, माणसाच्या डोक्याला लागेल एवढं उंच, झुपक्यानं वाढणारं आणि अस्सल इथलं गवत. शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस. जुन्या पुस्तकांत व्हेटिव्हेरिया या नावानं सापडेल. नद्यांचे काठ, ओढ्यांच्या कडा, पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या आणि उन्हाळ्यात तडकणाऱ्या जमिनी इथं ते आपापलं उगवतं.

✱

एक जुनं ठोंब उकरून बघण्यासारखं असतं. बुडाशी पानांची आवरणं एकात एक घट्ट बसलेली; काडी दोन बोटांत धरली तर गोल न लागता चपटी लागते. पान अरुंद, हातभर लांब, मधल्या शिरेवर किंचित दुमडलेलं. कडेवरून बोट बुडाकडून टोकाकडे नेलं तर काही होत नाही, टोकाकडून बुडाकडे आणलं की बारीक दाते लागतात, कधी रक्तही येतं. जिथून नवे फुटवे निघतात तो भाग मातीच्या किंचित खाली दडलेला असतो. म्हणून विळा फिरला, शेळ्या चरून गेल्या, वणवा लागला तरी पहिल्या पावसाला गवत पुन्हा फुटतं.

आणि मग मुळं. जेमतेम मिलिमीटरभर जाडीची, शेकड्यांनी. बाजूला पसरण्याचं नाव नाही, सगळी सरळ खाली. कुदळीनं दोन हात खणलं तरी टोक हाती लागत नाही. मोकळ्या मातीत ही मुळं तीन-चार मीटर जातात. ओल्या मुळाचा वास दुकानातल्या जुडीपेक्षा कच्चा, मातकट असतो. वाळल्यावर तो खुलतो.

✱

1996 साली या मुळांच्या ताणशक्तीची मोजणी प्रसिद्ध झाली. सरासरी 75 मेगापास्कल, म्हणजे साध्या पोलादाच्या सुमारे एक षष्ठांश. डोंगरउतार बांधणाऱ्या इंजिनिअरांना हा आकडा तोंडपाठ असतो. शेतकऱ्याला त्याची गरज नाही. त्यानं एकदा हे ठोंब हातानं उपटायचा प्रयत्न केला की पुरे.

✱

बांधावर नवं गवत लावायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: शेतात शिरणार नाही ना? प्रश्न रास्त आहे. हरळी आणि लव्हाळ्यानं ज्याची पिढीजात झोप उडवली आहे तो दुसरा प्रश्न विचारणारच नाही. उत्तर असं, की वाळ्याला हरळीसारखे धावते कोंब नाहीत आणि लव्हाळ्यासारख्या गाठी नाहीत. जिथं लावला तिथंच त्याचा घेर वाढतो. बियांचं म्हणाल तर त्याचे दोन प्रकार आहेत. उत्तरेत, भरतपूरच्या बाजूला आढळणारा बी धरतो. दक्षिण भारतातला फुलतो, जांभळट तुरे येतात, पण बी जवळपास धरतच नाही. बांधासाठी दक्षिणेचाच घ्यायचा. जगभर उतारांवर लावला जातो तोही याच दक्षिणी वाळ्याचा वंश.

✱

मातीचा हिशेब. भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी 16 टनांहून जास्त माती वाहून जाते, हा 1983 सालचा अंदाज अजूनही सगळीकडे वापरला जातो. सरासरीच ती. नदीकाठच्या सपाट रानात याहून कमी आणि उताराच्या वरकस जमिनीत कितीतरी जास्त. जाते ती वरची माती, म्हणजे शेणखत आणि पालापाचोळा जिरलेला थर. खालचा मुरूम कुठंच जात नाही. तो आपल्याला राहतो.

✱

महाराष्ट्रात यावर सरकारी उत्तर जुनं आहे. 1942 साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि सोलापूर-विजापूरच्या दुष्काळी पट्ट्यात मातीचे समतल बांध पडू लागले. पुढं रोजगार हमीत तेच काम वाढलं. बांधानं पुष्कळ माती अडवली, यात वाद नाही. पण मातीच्या बांधाची एक खोड आहे: तो पाणी अडवतो, आणि अडलेलं पाणी त्याच्या सर्वांत कच्च्या जागेवर जोर काढतं. काळ्या मातीत तर उन्हाळ्यात बांधालाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात पाणी एका भेगेत शिरतं, बांध तेवढ्या जागी फुटतो आणि एरवी शेतभर पसरून गेलं असतं ते पाणी एकाच तोंडातून खाली कोसळतं. तिथं ओघळ पडते. पुढच्या वर्षी ओघळीची घळ होते. शेजाऱ्याशी भांडण होतं ते वेगळंच.

✱

वाळ्याची ओळ बांधासारखी वागत नाही. ती पाणी अडवत नाही, गाळते. चहाच्या गाळणीत चोथा राहतो आणि चहा खाली उतरतो, तसं उतारावरून आलेलं पाणी घट्ट काड्यांमधून वाट काढत मंद होतं, ओळीच्या लांबीभर पसरतं, गाळ वरच्या अंगाला सोडतं आणि पुढं जातं. फुटायला काही नाहीच. मंद झालेल्या पाण्याला जमिनीत मुरायला वेळ मिळतो, हा वरचा फायदा.

खरी गंमत पुढच्या वर्षांत दिसते. ओळीमागं गाळाचा थर चढतो. दुसरं एखादं गवत त्यात गाडलं गेलं असतं. वाळा गाडल्या गेलेल्या पेरांतून नवी मुळं काढतो आणि थराबरोबर स्वतः वर येतो. दर पावसाळ्यात थोडा गाळ, थोडं गवत वर. काही वर्षांनी तिरक्या शेताच्या जागी पायऱ्या दिसू लागतात. जेसीबी नाही, डिझेल नाही.

✱

हे ज्ञान आपल्याकडं होतंच. कर्नाटकात म्हैसूरच्या दक्षिणेला गुंडलुपेटच्या बाजूला शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले. हद्द हलत नाही, एवढाच त्यांचा मतलब होता. माती टिकते हे ओघानं आलं.

जगाला ते कळलं वेगळ्या वाटेनं. जॉन ग्रीनफिल्ड नावाच्या शेतीतज्ज्ञानं 1950च्या दशकात फिजी बेटांवर उसाच्या उतारांवर वाळ्याच्या ओळी लावून पाहिल्या होत्या. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या कामानिमित्त तो भारतात आला, सोबत रिचर्ड ग्रिमशॉ. पाणलोटाच्या कामांत मातीचे बांध फुटताना बघून ग्रीनफिल्डला फिजी आठवलं, आणि गवत तर इथलंच. 1987 साली दोघांच्या प्रयत्नातून एक छोटी पुस्तिका निघाली, खिशात मावेल अशी, शेतावर उघडून बघता येईल अशी. ती अनेक भाषांत गेली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं त्याच सुमारास काळ्या मातीत वाळ्याच्या ओळींचे प्रयोग केले. थायलंडच्या राजानं 1991पासून हा विषय हाती घेतला आणि 1996 साली वाळ्यावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती त्याच देशात, चियांग राय इथं.

गवत आपलं, वाण आपला, प्रयोगही आपल्याकडं झाले. तरी आज तालुक्याच्या ठिकाणी विचारा, वाळ्याची ठोंबं कुठं मिळतील? रोपवाटिकेत गुलमोहर मिळेल.

✱

वाशीमकडच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाळ्याची जुनी ओळ होती. शेताच्या मालकाला विचारलं, "दादा, बाकी धुऱ्यावर गवताची काडी नाही, हे कसं टिकलं?"

"ढोरं तोंड लावत नाईत म्हनून तं राह्यलं ना भाऊ."

"मग सगळ्याच धुऱ्यांवर का नाही लावत?"

"ढोरं तोंड लावत नाईत म्हनून. त्यायले काय टाकू मंग, वास?"

वाळ्याची सगळी अडचण या दोन उत्तरांत आली. जून पान चरबट, जनावर त्याला शिवत नाही, म्हणून मोकाट चराईतही ओळ उभी राहते. आणि चारा नाही म्हणून शेतकरी लावत नाही. त्याला बांधावर मारवेलसारखं चाऱ्याचं गवत हवं असतं. बरोबरच आहे त्याचं. मधली वाट अशी: कोवळी पालवी जनावर खातं, म्हणून ओळ वरचेवर गुडघ्याखाली कापत राहायची, आणि ओळीमागं जो ओलसर गाळ साठतो त्यावर मारवेल लावायचा. राखण वाळ्याची, चारा मारवेलचा.

✱

जून पानांचे उपयोग: छपराला शाकार, गोठ्यात अंथरूण, फळझाडांच्या आळ्यात आच्छादन. आच्छादन म्हणून चांगलं, कारण लवकर कुजत नाही. काड्यांचे झाडू होतात. थायलंडमध्ये पानं उकळून-वाळवून टोपल्या आणि पिशव्या विणतात.

✱

खोडकिड्याबद्दल एक नोंद, ज्वारी आणि मका लावणाऱ्यांसाठी. काइलो पार्टेलस नावाचा पतंग, ज्याच्या अळ्या ज्वारी-मक्याच्या पोग्यात शिरून गाभा खातात, तो अंडी घालायला मक्यापेक्षा वाळा पसंत करतो, असं दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगांत दिसलं. गंमत अशी की वाळ्यावर जन्मलेल्या अळ्या जगत नाहीत. आईची निवड चुकते आणि पोरं मरतात. चीनमध्ये भाताच्या खोडकिड्यासाठी बांधावर वाळा लावतात तो याच कारणासाठी. फवारणी बंद होईल असं कुणी म्हणत नाही. पण जो बांध माती धरतो तोच किडीचा भार थोडा हलका करत असेल, तर ते हिशेबात धरायला हवं.

✱

मुळांच्या तेलात नूटकाटोन नावाचं द्रव्य असतं. वाळवी त्याच्यापासून दूर पळते, असं अमेरिकेतल्या लुइझियानामधल्या संशोधकांना दिसलं. आपल्या आज्या लुगड्यांच्या घड्यांत वाळ्याची काडी ठेवत असत.

✱

वाळ्याच्या ताट्या. नागपूर-अमरावतीकडं मे महिन्यात पारा 45च्या पुढं जातो, तेव्हा खिडकीला ताटी लावून तिच्यावर पाणी मारायची जुनी रीत. कूलर आले तरी त्यांच्या जाळ्यांत कित्येक वर्षं वाळाच भरत. आता बहुतेक ठिकाणी लाकडाचे बारीक तंतू किंवा कागदी जाळी असते. अकबराच्या हुकुमानं बांबूच्या चौकटींत वाळा भरून खोल्या गार करण्याची पद्धत रूढ झाली, असं अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत नोंदवलं आहे.

मागचं शास्त्र सरळ आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते आणि ती खोलीत येणाऱ्या हवेतून ओढली जाते. हवा कोरडी असेल तरच हे चालतं. विदर्भात ताटी लावा, अंगावर चादर घ्यावी लागेल. मुंबईत लावाल तर फक्त वास येईल.

✱

बाजारात मिळणारं वाळ्याचं सरबत गडद हिरवं असतं. वाळ्याच्या मुळांत हिरवं काही नाही. मुळं रात्रभर भिजवलीत तर पाणी फिकट पिवळसर होतं, तेवढंच. बाकीचा रंग बाटलीत घातलेला. घरी करायचं तर मुळं चांगली धुवा, कापून रात्रभर भिजत घाला, सकाळी एक मंद उकळी काढा, गाळा, साखरेचा पाक करून त्यात मिसळा, लिंबू पिळा. रंग नाही म्हणून पाहुणे विचारतील. सांगा त्यांना.

✱

आयुर्वेदात वाळा म्हणजे उशीर. तापात तहान भागवायला दिल्या जाणाऱ्या षडंगोदकात नागरमोथा, पित्तपापडा, चंदन, सुंठ यांच्या सोबतीनं तो येतो. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात शकुंतलेच्या अंगाचा दाह शमवायला वाळ्याचा लेप नेला जातो. म्हणजे किमान दीड हजार वर्षं तरी वाळ्याचं काम ठरलेलं आहे: उन्हाळा आणि ताप. बांध, उतार, माती यांची नोंद ना वैद्यकानं घेतली ना काव्यानं. दोघांच्याही हाती आलं ते उपटलेलं मूळ.

✱

कनौज, उत्तर प्रदेश. गंगेच्या काठच्या या गावात अत्तरं काढायची रीत अजून देग-भपक्याची. देग म्हणजे तांब्याचा मोठा हंडा. त्यात वाळ्याची मुळं आणि पाणी. झाकणाच्या फटी मातीनं लिंपतात. खाली लाकडाची आच. हंड्यातून बांबूची नळी तिरकी खाली उतरते ती भपक्यात, म्हणजे पाण्याच्या हौदात बुडवलेल्या लांब मानेच्या भांड्यात. वाफ तिथं थंड होते. थर्मामीटर नाही. भपक्याच्या अंगावर हात ठेवून कारागीर ठरवतो, आच वाढवायची की ओढायची. वाळ्याचं तेल जड, चिकट आणि उडायला आळशी. म्हणून भट्टी तासन् तास चालते. तांब्याच्या संपर्कानं तेलाला हिरवट झाक येते. या तेलाला रूह खस म्हणतात. सुगंधाच्या धंद्यात त्याला मान आहे तो वासाइतकाच त्याच्या चिकाटीमुळं: दुसऱ्या हलक्या वासांना तो धरून ठेवतो. जगातल्या नामांकित पुरुषी अत्तरांत तळाशी अनेकदा वाळा असतो. लखनौच्या सीमॅप या संशोधन संस्थेनं तेलासाठी खास वाण काढले आहेत.

✱

आता अडचणीचा मुद्दा. तेलासाठी काय लागतं? मूळ. मूळ कसं मिळतं? सबंध ठोंब उपटून. दीड वर्षाचं पीक झालं की जमीन खोल खणायची, मुळं झटकायची, धुवायची. म्हणजे माती धरून ठेवण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नाही, तेच गवत काढताना माती सर्वांत जास्त मोकळी होते.

कॅरिबियन समुद्रातल्या हैतीत हे मोठ्या प्रमाणावर घडतं. जगातल्या वाळ्याच्या तेलाचा मोठा वाटा त्या एका छोट्या देशातून येतो, मुख्यतः दक्षिणेतल्या ले काय शहराभोवतीच्या टेकड्यांवरून. शेतकरी गरीब, जमीन उताराची, घरात पैशाची निकड. मुळं पुरती भरण्याआधीच खणली जातात, आणि नंतर वादळी पाऊस आला की उघडी टेकडी समुद्रात उतरते. पॅरिसमधल्या बाटलीवर वाळ्याचं चित्र असतं, टेकडीचं नसतं.

दोष वाळ्याचा नाही, जागेचा आहे. तेलासाठीचा वाळा सपाट, वाळूच्या जमिनीत लावावा. केरळात चावक्काडच्या किनारपट्टीवर तो रेताड जमिनीतच पिकवतात. तिथं खणणं सोपं आणि वाहून जायला उतार नाही. घरापुरता हवा असेल तर वाळू आणि शेणखत भरलेल्या पोत्यातही येतो. पोतं फाडलं की मुळं स्वच्छ हाती.

✱

दरडी. 30 जुलै 2014ला माळीण, 22 जुलै 2021ला तळिये, 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडी. दर घटनेनंतर कुणीतरी लिहितं की डोंगरांवर वाळा लावा, दरडी थांबतील. असं लिहिणाऱ्यांनी थोडं थांबावं. वाळ्याची मुळं वरच्या तीन-चार मीटरचा थर शिवून धरतात. रस्त्याच्या कडेचा कापलेला उतार, रेल्वेचा भराव, शेताचा ताल, कालव्याची बाजू इथं त्याचं काम चोख. पण पावसानं भिजून जड झालेला जाड थर खालच्या खडकावरून सुटतो, तेव्हा तो वाळ्यासकट खाली येतो. तिथं माणसं आधी हलवणं हाच उपाय. गवताच्या नावानं गावाला खोटी खात्री देऊ नये.

जिथं काम होतं तिथलं उदाहरण मादागास्करचं. तिथली फियानारांत्सुआ ते पूर्व किनारा ही 163 किलोमीटरची रेल्वे 2000 सालच्या चक्रीवादळांत दरडींनी ठप्प झाली. रुळांशेजारच्या उतारांवर तिथले शेतकरी कसावा आणि भात लावत. माती त्यामुळंच सुटत होती. त्यांना हाकलण्याऐवजी त्यांनाच वाळ्याच्या ओळी लावायला लावलं, ओळींच्या मध्ये फळझाडं. रूळ राहिले आणि शेतीही राहिली.

✱

सांडपाणी. वाळ्याच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून ती पाण्यात बुडून राहूनही कुजत नाहीत. आम्लट जमीन, खारट जमीन, खाणीचा राडा, कचरा डेपोचा काळा पाझर, सगळीकडं तो तग धरतो. चीन आणि ऑस्ट्रेलियात खाणींच्या ढिगांवर आणि सांडपाण्याच्या तळ्यांवर तो मुद्दाम लावतात. पाण्यातला नायट्रोजन आणि स्फुरद तो झपाट्यानं ओढतो. आर्सेनिक, कॅडमियम, पारा यांसारखे धातूही ओढतो, आणि त्यांतला बहुतेक भाग वर पानांत न जाता मुळांतच साठवतो.

हे शेवटचं वाक्य घरातल्यांनी लक्षात ठेवावं. नाल्याकाठचा, कारखान्याच्या बाजूचा वाळा उपटून माठात टाकू नये. बाजारातली जुडी घेताना ती कुठून आली ते विचारावं. उत्तर मिळालं नाही तर दुसरं दुकान.

✱

माळ म्हणजे पडीक, हा आपल्या महसुली कागदांचा जुना गैरसमज. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) माळांवर पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं आधीच उभी आहेत. त्यांच्यावर मेंढरं जगतात, लांडगे आणि चिंकारा जगतात, तणमोर आणि धाविक जगतात; नान्नजचा माळढोक याच गवताच्या भरवशावर होता. अशा माळावर झाडं लावणं जेवढं चूक, तेवढंच सलग वाळा लावणंही. वाळा इथलाच असला तरी प्रत्येक जागेचा नाही. तो ओळीत शोभतो, मैदानात नाही. शेताचा उतार, ओढ्याची कड, तळ्याचा भराव, रस्त्याची कापलेली बाजू एवढ्या जागा त्याच्या. माळ माळाच्या गवतांना राहू द्यावा.

✱

वाळा कुठं हरतो, याचीही यादी हवी. दाट सावलीत तो मरतो. आंब्याच्या रांगेखाली लावू नका. पहिलं वर्ष नाजूक असतं, तेव्हा तणात हरवतो आणि कोवळा असल्यामुळं शेळ्याही खातात. ओळीत एक हातभर जरी भगदाड राहिलं तर सगळं पाणी तिथूनच जातं आणि ओळ असून नसल्यासारखी. फार जुनं ठोंब मधोमध वाळतं; वर्षाआड कापणी लागते. आणि पहिल्या पावसाळ्यात काहीही दिसत नाही. ज्याला फोटो काढून अहवाल पाठवायचा आहे त्याला हे गवत परवडत नाही.

✱

लावायची रीत, जशी शेतावर चालते तशी.

जुनं ठोंब खणून काढायचं, हातानं किंवा विळ्यानं फोडायचं; दोन-तीन काड्यांचा एक फुटवा. पानं वीतभर ठेवून वरून छाटायची, मुळं बोटभर ठेवून खालून छाटायची. फुटवे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे, उन्हात पडू द्यायचे नाहीत. शेतावर समतल रेषा आखून घ्यायची. पाणलोटाची कामं केलेल्या गावांत हायड्रोमार्कर असतोच, नसेल तर ए-फ्रेम. नजरेच्या अंदाजानं आखलेली ओळ पाणी एका कोपऱ्यात नेऊन सोडते. दोन ओळींत उंचीचा फरक एक ते दोन मीटरचा. रेषेवर नांगराचं एक तास काढायचं आणि पहिला चांगला पाऊस होऊन जमीन ओलावली की दर 10-15 सेंटिमीटरवर एक फुटवा. शंभर मीटरला सातशे ते हजार फुटवे लागतात. पहिली दोन वर्षं खुरपणी आणि नांग्या भरणं. तिसऱ्या वर्षापासून फक्त विळा.

फुटवे विकत घ्यायचे तर खर्च जड वाटतो. म्हणून विहिरीच्या कडेला किंवा मोटारीच्या पाण्यावर एक छोटा वाफा आधी लावावा. एका ठोंबाचे वर्षभरात कितीतरी फुटवे होतात. पुढच्या वर्षीची ओळ घरच्या घरी तयार.

✱

या गवतात कंपनीला रस नाही, कारण एकदा दिलं की गिऱ्हाईक परत येत नाही. ठेकेदाराला रस नाही, कारण त्यात माती हलवायची नाही. पुढाऱ्याला रस नाही, कारण गवताच्या ओळीवर कोनशिला बसत नाही. उरतो तो ज्याची माती जाते तो.

त्याला एवढंच सांगणं. माठासाठी वाळा हवा असेल तर तो वाळूच्या वाफ्यात किंवा पोत्यात वेगळा लावा, दीड वर्षानं खुशाल उपटा. बांधावरच्या ओळीला मात्र कुदळ लावू नका, कुणी मुळांचा भाव दाखवला तरीही. आणि येत्या जूनमध्ये, शेतातून पाणी जिथून गढूळ होऊन बाहेर पडतं, तिथं पहिली ओळ लावा.